भरडलेलं मन

पप्पा,

वर सलाम लिहिलेला नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळला आहे. आपल्या घरातलं कुठलंही पत्र ‘प्रभूमध्ये सलाम’ असं म्हटल्याशिवाय सुरू व्हायचं नाही; दूधवाल्याला चिठ्ठी लिहितानासुद्धा तुमचा हात आधी तिथंच जायचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो एवढासा शब्द गाळताना माझं पेन अडखळलं, आणि त्याचाच मला राग आला. बरं झालं. हे पत्र मला रागातच लिहायचं होतं.

निमित्त असं, की मागच्या आठवड्यात आपल्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी घरी आले होते. तुम्ही त्यांना ओळखता. रविवारच्या शाळेत मागच्या बाकावर चिंचोके खेळत बसणारा तो पोरगा आता टक्कल पडलेला वजनदार गृहस्थ झालाय. चर्चला नवा रंग दिलाय, आणि व्यासपीठाच्या उजव्या हाताला भिंतीत तुमच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची आहे. नावाखाली एक ओळ हवी, ती घरच्यांनी द्यावी असं कमिटीत ठरलंय. धाकट्याला फोन केला तर तो म्हणाला, ताईला विचारा. परदेशात बसून तो कायम ताईलाच विचारा म्हणतो. सेक्रेटरींनी आपलं म्हणून सुचवलं, ‘विश्वासू पाळक’ चालेल का. मला हसू आलं. त्यांना वाटलं मला भरून आलं, म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला करायचाय डोंबलाचा? ओळ माझ्या जिभेवर केव्हाची तयार आहे. ‘यांनी आपल्या बायकोला भाकर दिली नाही.’

कुणी ऐकलं तर त्याला वाटेल, तुम्ही आईला उपाशी ठेवलंत. तसं नव्हतं. घरात पोटभर होतं. मी म्हणते ती प्रभुभोजनाची भाकर, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमधल्या मेजावर ठेवतात ती, महिन्यातून एकदा तुम्ही सगळ्या मंडळीला वाटायचात ती.

शब्दांपासून सुरुवात करते, कारण तुम्ही जे केलंत ते शब्दांनीच केलंत. हात तुम्ही आमच्यावर कधी उगारला नाही. आपली मंडळी प्रॉटेस्टंट, पण मिशनरी साहेब लोक मायदेशी परत जाताना बंगल्यात पुस्तकांची कपाटं तशीच टाकून गेले, आणि त्यांत कुणा हौशी साहेबानं जमवलेले मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितांचे जाडजूड ग्रंथ होते. ते वाचता यावेत म्हणून तुम्ही लॅटिन शिकलात. मंडळीचा कारभार बघणारे पंच कुरकुरायचे, पाद्रीसाहेबांना हे काय कॅथलिक खूळ लागलंय म्हणून. तुम्हाला त्या पंडितांचे शब्द मराठीत आणायचे होते, आणि ते पारखून घ्यायला तुमच्याकडं हक्काची गिऱ्हाईकं होती, मी आणि धाकटा. जेवताना ताटापुढं गुळाचा खडा धरून तुम्ही विचारायचात, याचा रंग बदलला तर गूळ राहील का? आकार गेला तर? उन्हाळ्यात पाझरला तर? जे जातं ते आगंतुक, जे टिकतं ते द्रव्य. मग तुमचा आवडता प्रश्न यायचा. ‘मनुष्य’ नावाचं काही जगात खरोखर आहे, का नुसती एकेक माणसं आहेत आणि ‘मनुष्य’ हा आपल्या तोंडचा वारा आहे? यावरून म्हणे ते लोक पिढ्यानपिढ्या भांडले. धाकट्यानं एकदा विचारलं, मग आता जेवायला कोण बसलंय, मनुष्य का पप्पा? तुम्ही इतके हसलात की ठसका लागला आणि आईला पाठ चोळावी लागली. तुमच्यासारखा बाप अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

आणि एका दुपारी तुम्ही तो शब्द आणलात. आई मागच्या पडवीत जात्यावर डाळ भरडत होती. तुम्ही पुस्तकात बोट घालून उंबऱ्यावर बसलात आणि आम्हाला हाका मारल्या. पश्चात्ताप दोन प्रकारचा असतो, म्हणालात. लॅटिनमध्ये त्याला दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्हींच्या पोटात घासण्याकुटण्याचाच अर्थ आहे. शिक्षेच्या भीतीनं माणूस रडतो तेव्हा त्याचं मन नुसतं भरडलं जातं; दाणा फुटतो, पण पीठ होत नाही. ज्यानं आपल्यावर प्रेम केलं त्या देवाला आपण दुखावलं, या दुःखानं रडतो तेव्हा मन दळलं जातं. ‘भरडलेलं मन आणि दळलेलं मन,’ तुम्ही स्वतःवरच खूश होऊन म्हणालात, ‘आणि भाकर पिठाची होते.’ आई जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली, भरड्याचं वडं व्हत्यात की. आम्ही सगळेच हसलो, तुम्हीही हसलात.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला धाकट्याला टायफॉईड झाला. ताप उतरेना. डॉक्टर बदलून झाले, तुम्ही आणि पंच खाटेभोवती गुडघे टेकून प्रार्थना करत होतात, आणि आई त्याच्या उशाशी बसून सुकत चालली होती. शेजारी गुळाचे व्यापारी राहायचे. त्यांच्या घरातल्या अक्का, सीमेकडच्या लिंगायत, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणाऱ्या, आईची एकुलती एक मैत्रीण. पाद्र्याच्या बायकोला मंडळीत मैत्रीण करता येत नाही, तिथं सगळ्यांशी सारखं वागावं लागतं, हे तुमच्या कधी ध्यानात आलं होतं का? अक्कांनी सांगितलं, जोतिबाला नवस बोल, पोरगं उठू दे, गुलाल-खोबरं उधळीन म्हण. आई बोलली. ताप उतरला. औषधानं उतरला असेल, प्रार्थनेनं उतरला असेल, मला त्यावर वाद घालायचा नाही. पण बोललेलं फेडायला पाहिजे एवढं आईला कळत होतं. शिरोळकडच्या शेतकरी घरातली बाई ती, तिच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून बोललेला शब्द पाळायची सवय काही सुटत नाही. एका शनिवारी तुम्ही बिद्रीकडच्या कुटुंबांच्या भेटीला गेला होतात, तेव्हा ती अक्कांबरोबर जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आली. आल्यावर डोक्यावरून न्हाली, लुगडं भिजत घातलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनाची कणीक मळायला बसली.

मेजावरची भाकर कायम आईच करायची. बेखमीर, बिनमिठाची, गव्हाच्या पिठाची जाड पोळी, मंद तव्यावर भाजलेली. गार झाली की ती सुरीनं कडा काढून टाकायची आणि मधल्या भागाचे बारीक चौकोनी तुकडे करायची. द्राक्षारस म्हणजे काळे मनुके भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेलं पाणी. कडा आमच्या वाटणीच्या, त्या आम्ही चहात बुडवून खायचो. आई पण एखादी तोंडात टाकायची, नीट भाजलंय का बघायला.

गुलाल किती चिवट असतो हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. आईनं हात घासघासून धुतले होते, तरी नखांच्या कडेला तो राहिलाच असणार. सकाळी तबकावर झाकायचं पांढरं फडकं तिनं ओल्या हातानं उचललं असणार. भर उपासनेत तुम्ही ते फडकं काढलंत आणि थबकलात. मी पुढच्याच बाकावर होते, मला दिसलं. कोपऱ्यावर अंगठ्याएवढा गुलाबी डाग. फडक्याची घडी आत करून बाजूला ठेवता आली असती, पप्पा. घरी येऊन, दार लावून विचारता आलं असतं. तुम्ही ते फडकं वर धरलंत आणि मंडळीला विचारलंत, हे काय आहे? तो रंग कुठला हे न ओळखणारा एकही माणूस त्या बाकांवर नव्हता. मग बायकांच्या बाजूला आई उभी राहिली. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि म्हणाली, ‘मी गेलते डोंगरावर. पोरासाठी बोलले हुते. चुकले असंल तर माफी मागते.’

तुम्ही म्हणालात, ‘चुकले असेल तर नव्हे. चुकलीस. आता सर्वांसमोर सांग, तुला दुःख कशाचं होत आहे? देवाला दुखावलंस याचं, की शिक्षा होईल याचं?’

आई गप्प राहिली. मला अजून तिचा चेहरा दिसतो. लोकांना वाटलं लाजेनं गप्प आहे, पण ती खरंच विचार करत होती, तुम्ही प्रश्न विचारला म्हणजे त्याचं खरं उत्तर द्यायला हवं म्हणून. मग म्हणाली, ‘भ्या वाटतंय. देवाचं बी आन् तुमचं बी.’

एक शब्द खोटा बोलली असती तर सुटली असती. मंडळीत निम्मे लोक दर महिन्याला ते खोटं मनातल्या मनात बोलून तुकडा उचलतच होते. तुम्ही फडकं खाली ठेवलंत आणि म्हणालात, हे भरडलेलं मन आहे. ज्या दिवशी ते दळलं जाईल त्या दिवशी मेजावर ये. तिच्याच जात्याजवळ बसून शोधलेले शब्द तुम्ही चारचौघांत तिच्या तोंडावर मारलेत. आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल, तर तुमच्या आवाजात त्या क्षणी थोडासा आनंद होता याची. शब्द चपखल बसला होता ना.

त्यानंतरही भाकर आईच करत राहिली. तू करू नकोस असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते जमतही नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ती मळायची, भाजायची, कापायची. रविवारी पंच तबक घेऊन बाकाबाकावरून यायचे, आणि आईपाशी आले की ते तबक जरासं वर उचललं जायचं आणि तिच्या पुढून पलीकडच्या बाईकडं जायचं. आई मांडीवर हात ठेवून समोर बघत बसायची. घरी तिनं कडा खाणंसुद्धा सोडलं. भाजलंय का नाही ते वासावरून ठरवायची. एका रविवारी दुपारी जेवताना तुम्ही सहज म्हणालात, आज भाकर थोडी कच्ची होती. आई तुमच्या पानात वरण वाढत होती. म्हणाली, ‘व्हय? मला काय कळणार.’ तुम्ही पुढचा घास घेतलात. मी मात्र ताटावरून उठले, आणि अन्नावरून उठू नये म्हणून तुम्ही मलाच बोललात.

वयात आल्यावर मला मंडळीत घ्यायची, म्हणजे मेजावरची भाकर द्यायची, वेळ आली तेव्हा मी नको म्हटलं. तुम्ही कारण विचारलंत. मी म्हटलं, माझं मन अजून दळायचंय. तुम्ही खूश झालात, पोरगी गंभीर आहे म्हणून पंचांना सांगितलंत. टोमणा तुम्हाला कधी कळायचाच नाही. त्या मेजावर मी आजपर्यंत गेलेली नाही.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी जयसिंगपूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. सुटी काढून दवाखान्यात तिच्याजवळ बसायची. तुम्ही आजाऱ्यांना प्रभुभोजन द्यायची ती छोटी लाकडी पेटी घेऊन वॉर्डात यायचात. शेवटच्या दिवसांत एका सकाळी तुम्ही तिच्या खाटेजवळ उभे राहिलात, पेटी उघडलीत, आणि मला वाटलं, चला, उशिरा का होईना. पण तुम्ही आधी प्रश्न विचारलात. तोच. आवाज हळू होता, एवढंच. आईचे ओठ सुकले होते. ती म्हणाली, ‘आता तर लईच भ्या वाटतंय. मराय लागल्यावर खोटं कशाला बोलू?’

तुम्ही पेटी मिटलीत. पलीकडच्या खाटेवर आपल्याच मंडळीतली उचगावची एक बाई अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन पडली होती. तुम्ही दोन पावलं चालून तिच्याकडं गेलात, पेटी पुन्हा उघडलीत आणि तिला दिलंत. आईनं भिंतीकडं तोंड केलं आणि मला म्हणाली, पाणी दे. मी चमच्यानं पाणी घातलं. त्याच आठवड्यात ती गेली. दफनाच्या वेळी तुम्ही इतकं सुंदर बोललात की अक्कासुद्धा रडल्या, आणि मी तुमच्याकडं बघत मनाशी ठरवत होते की हा माणूस माझ्या हातून सुटता कामा नये.

म्हणून मी मध्ययुगाकडं वळले. लोकांना वाटलं, वडिलांचा वारसा चालवतेय. तुम्हालाही तसंच वाटलं. तुम्ही कपाटाची किल्ली मला दिलीत, कपाळावर हात ठेवून आशीर्वाद दिलात. मी तिथं हत्यार शोधायला गेले होते. तुमचे सगळे शब्द घेऊनच गेले, द्रव्य, आगंतुक, सामान्य, संकल्प, कृपा, आणि ते दोन. आणि फार शोधावंही लागलं नाही हो. ज्या वादात बोट घालून तुम्ही उंबऱ्यावर बसला होतात, त्याच वादाला दुसरी बाजू होती, आणि ती बाजू मांडणारे काही ऐरेगैरे नव्हते. ते म्हणत होते, भीतीनं का होईना, माणूस दाराशी आलाय ना? मग त्याला आत घ्या. भरडलेलं मन घेऊन आला तरी चालेल, दळायचं काम त्याचं नाहीच, ते कृपेचं आहे. आधी प्रेम कर, मग ये, असं म्हटलं तर कोण येईल? हे सगळं ते पापाच्या कबुलीनंतर मिळणाऱ्या क्षमेबद्दल बोलत होते, मेजाबद्दल नव्हे, आणि आपण प्रॉटेस्टंट त्यांना मानतही नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. मला शिकवू नका. तो वाद मेजावर आणून ठेवला तो तुम्ही. वकील आपल्या अशिलाच्या कामाचा तेवढाच कायदा वाचून दाखवतो, तसं तुम्ही अर्धंच वाचलंत, आणि त्या अर्ध्यावर एक बाई जन्मभर बाहेर बसली.

मी हे लगेच बोलले नाही. मला घाई नव्हती. भर मंडळीत उभं राहून विचारावं, फडकं वर धरल्यासारखं धरावं, असे बेत मी एसटीत बसून कितीदा तरी केले. पण मग तुम्ही निवृत्त झालात, हात कापायला लागले, आणि तुम्हाला सांभाळायची पाळी माझ्यावर आली. संधी स्वतःच्या पायानं घरी चालत आली म्हणा. मी तुम्हाला भरवत होते, दाढी करत होते, इस्त्रीचे कपडे घालत होते. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, मुलगी असावी तर अशी. मी काही नाटक करत नव्हते. सेवा मनापासून केली, आणि रागही तितक्याच मनापासून सांभाळला. दोन्ही एका घरात राहू शकतात.

एका सकाळी तुम्ही गॅलरीत उन्हाला बसला होतात. मी शेजारी लसूण सोलत होते. तुम्ही माझ्याकडं न बघता विचारलंत, ‘भीतीनं केलेला पश्चात्ताप देव मान्य करतो का ग? तू शिकवतेस हे. माझ्यानंतरचं काही वाचलं असशील.’

मी विचारलं, कुणाचा पश्चात्ताप?

‘माझा,’ तुम्ही म्हणालात. ‘तुझ्या आईच्या बाबतीत. दुःख व्हायला हवं, ते होत नाही. मी रोज आत बघतो. नुसती भीती आहे.’

पप्पा, तुमच्या आयुष्यातलं तेवढं एक वाक्य मला आईच्या तोंडचं वाटलं. आणि त्याच क्षणी मला कळलं की माझ्या हत्याराला मूठच नाही, दोन्हीकडून पातं आहे. तुम्ही आईवर अन्याय केलात हे सिद्ध करायचं, तर भीतीचा पश्चात्ताप चालतो असं सांगावं लागणार. आणि तो चालतो असं सांगितलं, की तुम्ही तिथल्या तिथं सुटणार. ज्या वाक्यानं तुम्हाला मारायचं त्याच वाक्यानं तुमचं सांत्वन होणार. इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं वाक्य मी गिळलं. माझ्या हातात लसणाची पाकळी होती, ती सोलून वाटीत टाकली आणि म्हटलं, ‘नाही. तुम्हीच शिकवलंय ना. भाकर पिठाची होते.’

तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, ‘बरोबर.’ वर्गात एखाद्या मुलीनं अचूक उत्तर द्यावं आणि शिक्षकानं समाधानानं म्हणावं, तसं म्हणालात.

मला वाटलं होतं तुम्ही रडाल, वाद घालाल, निदान पुन्हा विचाराल. तुम्ही काहीच केलं नाही. पुढच्या महिन्यात मंडळीचे नवे तरुण पाळक तुम्हाला घरी प्रभुभोजन द्यायला आले, तुमचीच जुनी लाकडी पेटी घेऊन. त्यांनी पेटी उघडली आणि तुम्ही कापरा हात आडवा धरलात. म्हणालात, माझी तयारी नाही. तो बिचारा गोंधळला, माझ्याकडं बघू लागला. मी त्याला चहा दिला. नंतर तो दर महिन्याला यायचा, आणि दर महिन्याला तुम्ही हात आडवा धरायचात. जाईपर्यंत तुम्ही तो तुकडा घेतला नाही. आईला लावलेला नियम तुम्ही स्वतःलाही लावलात, तसूभर सवलत घेतली नाहीत. यासाठी तुमचं कौतुक करावं असं कुणाला वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. नियम तिच्यावर चालला तेव्हा तो चुकीचा होता, आणि तुमच्यावर चालला म्हणून काही तो बरोबर ठरत नाही.

पण गोड लागलं मला. खरं सांगते. दर महिन्याला तो हात आडवा झाला की स्वयंपाकघरात उभी राहून मी मनात आईला सांगायची, बघ, आज पण नाही घेतली. तुम्ही वाट बघत असाल की आता मी म्हणेन, नंतर फार वाईट वाटलं. नाही वाटलं. तुम्ही उपाशी गेलात, जसं तिला पाठवलंत तसे, आणि त्या दिवशी मला रात्री छान झोप लागली.

परवा सेक्रेटरींना फोन करून मी ती ओळ सांगितली. ते म्हणाले, मॅडम, एवढं कडक नको की, लहान पोरं वाचत्यात. मी म्हटलं, मग पाटीच नको. घरच्यांची परवानगी नाही असं कमिटीला कळवा. ते म्हणाले, त्यांनी आम्हाला घडवलं हो. मी म्हटलं, मलाही. आता ती भिंत कोरी राहील. नवा रंग चांगला आहे म्हणतात.

आणि हे पत्र कुठं पाठवायचं, हा प्रश्नच नाही. तरी ज्यासाठी लिहायला बसले ते लिहून टाकते, कारण तुम्ही विचारलं होतंत आणि मी शिक्षिका आहे. चालतो, पप्पा. भीतीचा पश्चात्ताप चालतो, निदान ज्यांच्यावर तुमचा जीव होता त्यांतल्या पुष्कळांच्या मते. तुम्ही घ्यायला हवी होती ती भाकर. हे मला तेव्हा माहीत होतं, तुम्ही गॅलरीत बसला होतात तेव्हाच. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचत असतं, तर हे मी लिहिलं नसतं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोललेले नाही. हल्ली माझाही हात सकाळी पेला धरताना थोडा हलतो. डॉक्टर म्हणतात वय झालं. तेव्हापासून आई मनात येते, पण मला वाटलं होतं तशी येत नाही. आपल्या मागच्या दारात कुणी काही मागायला आलं, तर ते कोण, कसं, कशासाठी आलंय हे तिनं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. आधी द्यायची, मग विचारायची. ती मला शाबासकी देईल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता मला दिसतं ते वेगळंच. ती पदर सावरून उभी आहे आणि विचारतेय, ‘त्यांनी मागितलं हुतं न्हवं? मग का न्हाय दिलंस?’ तुमच्याबद्दल मला अजूनही काडीचं दुःख होत नाही, पप्पा. पण आईची भीती वाटते.